कड आरशासारखी, फळी मात्र कच्ची: एका डेकिंगचं प्रकरण

तक्रार फोटोतून आली. अलिबागकडच्या एका रिसॉर्टमध्ये पोहण्याच्या तलावाभोवती लाकूड-प्लास्टिकच्या फळ्यांचं डेक टाकलं होतं, आणि महिन्याभरात त्यातल्या तीन फळ्या आडव्या तडकल्या. तडा इतका सरळ, की कुणी करवत फिरवली असं वाटावं. फळ्या बनल्या होत्या पुण्याजवळच्या एका एमआयडीसीतल्या लहान कारखान्यात. नाव सांगत नाही. ते आजही चांगला माल काढतात आणि त्यांची चूक कुणाच्याही हातून होण्यासारखी होती.

प्लास्टिकच्या कंपाउंडिंगमध्ये, म्हणजे प्लास्टिकात इतर गोष्टी मिसळायच्या कामात, बरीच वर्षं काढल्यामुळे अशा वेळी मला फोन येतो. मी पोचलो तोवर शेठनी आपल्या परीने उपाय करून ठेवला होता. "कप्लर दुप्पट केला, साहेब. तरी फळी तुटतीय."

रेसिपी साधी होती. निम्म्याहून थोडी जास्त लाकडाची पूड, जिला शॉपमध्ये सगळे वुड पावडर म्हणतात. उरलेल्यात मुख्यतः एचडीपीई (पॉलिइथिलीनचा एक प्रकार), थोडी टाल्क, रंगाचा मास्टरबॅच, उन्हासाठी यूव्ही, दोन-तीन टक्के कप्लिंग एजंट म्हणजे शेठचा कप्लर (लाकूड आणि प्लास्टिक यांना जोडणारं रसायन), आणि तेवढंच किंवा थोडं जास्त वंगण. हे सगळं मिक्सरमधून शंकूच्या आकाराच्या जुळ्या स्क्रूच्या एक्स्ट्रुडरमध्ये जातं, डायमधून, म्हणजे आकार देणाऱ्या लोखंडी तोंडातून, पोकळ फळी होऊन बाहेर येतं आणि पाण्याच्या फवाऱ्याखाली थंड होतं. (प्लायवुडच्या दुकानात 'डब्ल्यूपीसी बोर्ड' म्हणून जे विकलं जातं ते हे नव्हे. ते बहुतेक वेळा पीव्हीसीचा फेस असतो. त्यात लाकूड नावापुरतं, खडूची पूडच जास्त. त्याची गणितं वेगळी.)

मशीनवर होते मामा. कारखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणतात. त्यांचा चेहरा पडलेला होता, पण मालाबद्दल मात्र ते ठाम होते. "असा माल वर्षभरात निघाला नव्हता. हात फिरवून बघा." मी कडेवरून अंगठा फिरवला. खरंच गुळगुळीत, जवळजवळ आरसाच. मग त्यांनी शेठच्या केबिनबाहेर बाक म्हणून टाकलेली जुन्या लॉटची फळी दाखवली. तिच्या कडेला कानशीसारखे बारीक दाते होते. लाकूड निम्म्याहून जास्त झालं की वितळलेला माल डायच्या भिंतीला घासतो, कोपऱ्यात अडतो आणि कड फाटत फाटत बाहेर येते. या दात्यांशी मामांची वर्षभर मारामारी चालली होती. दोन महिन्यांपूर्वी ते एकाएकी गेले, मशीनचा लोडही उतरला, मिनिटाला थोडा जास्त माल निघू लागला. सगळे खूश. तक्रारी त्याच लॉटच्या.

दाते एकाएकी जातात तेव्हा काहीतरी बदललेलं असतं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. ते मला सुचलं दुसऱ्या दिवशी.

त्या दिवशी आधी एक गावठी चाचणी केली. जुन्या बाकाच्या आणि नव्या फळीच्या खालच्या भिंतीतून बोटभर रुंदीच्या, सारख्या जाडीच्या पट्ट्या कापल्या. दीड फुटाच्या अंतरावर दोन विटा, त्यावर पट्टी आडवी, मध्ये दोरीने टांगलेली लहान बादली, मागे भिंतीला चिकटवलेली मोजपट्टी. मामांचा पोरगा चहाच्या पेल्याने पाणी ओतत होता, मी मोजपट्टी वाचत होतो. पहिले काही पेले दोन्ही पट्ट्या अगदी एकसारख्या वाकल्या. चार पेल्यांना जेवढी जुनी, तेवढीच नवी. मग नवी पट्टी कट्कन तुटली आणि पोराच्या पायावर पाणी सांडलं. जुनी त्याच भाराला शांत उभी होती आणि नंतरही तिने बरेच पेले घेतले.

ही गोष्ट मला फार बोलकी वाटली. वाकणं सारखं, तुटणं वेगळं. नंतर एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत रीतसर चाचणी करून घेतली, तेव्हाही तेच आलं: मॉड्युलस म्हणजे ताठपणा जागच्या जागी, स्ट्रेंग्थ म्हणजे तुटण्याआधी सोसायची ताकद पाव हिश्श्याहून जास्त खाली. नेमके आकडे कारखान्याचे आहेत, ते इथे देत नाही. त्याऐवजी माझ्या टेबलाच्या काचेखाली कित्येक वर्षं असलेला एक तक्ता देतो, कारण या प्रकरणाची किल्ली त्यात होती.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन इथे सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे. लाकूड-प्लास्टिकवर जगात जे मूलभूत काम झालं त्यातलं बरंच तिथलं. त्यांनी छापलेल्या आकड्यांत प्लास्टिक एकच, पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपी. लाकूड प्रत्येक वेळी वजनाने ४० टक्के. कप्लर जिथे आहे तिथे ३ टक्के.

| मिश्रण | ताणातली ताकद (मेगापास्कल) | ताणातला मॉड्युलस (गिगापास्कल) |
|---|---|---|
| नुसतं पीपी | २८.५ | १.५३ |
| पीपी + लाकडाची पूड | २५.४ | ३.८७ |
| पीपी + लाकडाची पूड + कप्लर | ३२.३ | ४.१० |
| पीपी + लाकडाचा तंतू | २८.२ | ४.२० |
| पीपी + लाकडाचा तंतू + कप्लर | ५२.३ | ४.२३ |

उजवीकडचा रकाना वरून खाली वाचा. लाकूड पडलं की ताठपणा अडीचपट होतो आणि मग जवळपास तिथेच थांबतो. कप्लर घाला, न घाला, पुडीत सहा टक्क्यांचा फरक, तंतूत एक टक्काही नाही. आता डावीकडचा. नुसती पूड घातली तर ताकद वाढत नाही, उलट उतरते: २८.५ वरून २५.४. तेच कप्लर घातल्यावर ३२.३. तंतूत तर २८.२ चे ५२.३, जवळजवळ दुप्पट.

ताठपणा मोजताना आपण पट्टी जराशीच वाकवतो. तेवढ्या थोड्या ताणाला लाकूड आणि प्लास्टिक एकमेकांना नीट चिकटलेले नसले तरी चालतं. थंड होताना प्लास्टिक आकसून लाकडाच्या कणाभोवती आवळून बसलेलं असतं, ती पकड पुरते. ताकद मात्र शेवटच्या क्षणाची गोष्ट आहे. तेव्हा भार प्लास्टिकमधून लाकडात पोचायला हवा आणि वाटेत फक्त सांधा असतो. म्हणून मॉड्युलस जागेवर आणि स्ट्रेंग्थ गेलेली, असं दिसलं की मी लाकडाकडे बघत नाही, प्लास्टिककडे बघत नाही. सांध्याकडे बघतो.

तरी घाई नको म्हणून बाकीचे संशयित एकेक करून सोडवले.

पहिला अर्थात ओलावा. पावसाळ्यात वुड पावडरचं पोतं उघडं राहिलं की ती हवेतून पाणी ओढते. बॅरलमध्ये त्याची वाफ होते, वाफ फळीत बुडबुडे करते, आणि बुडबुडा म्हणजे आतून मारलेली खाच. शिवाय कप्लरमध्ये लाकडाला धरणारं जे मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड असतं, त्याला पाणी मिळालं तर त्याचं आम्ल होतं आणि लाकडाशी जुळायची त्याची उमेद कमी होते. पूड वापरण्याआधी ओलावा एक टक्क्याखाली आणायचा, हा नियम त्यासाठीच. इथे त्यात हयगय होते का, हे पाहायला फळीचे तुकडे हवेत आणि पाण्यात तोलले. बुडबुडे असते तर घनता उतरली असती. जुन्या-नव्यात फरक नव्हता, तुकड्याची चीर पाहिली तर तीही घट्ट. ड्रायर नीट चालत होता, बॅरलमधली वाफ ओढून घेणारा व्हेंटचा व्हॅक्यूमही.

दुसरा, जळणं. लाकूड २०० अंशांच्या आसपास बिघडायला लागतं. म्हणून या धंद्यात मुख्यतः एचडीपीई, पीपी आणि पीव्हीसी चालतात. नायलॉन किंवा पीईटीला लागणाऱ्या तापमानात लाकडाचा कोळसा होईल. माल तापला की शॉपमध्ये करपलेल्या गुळासारखा वास सुटतो आणि फळी काळवंडते. वास नव्हता, रंग होता तसाच होता. उलट लोड उतरल्यामुळे माल आधीपेक्षा थंड निघत होता.

तिसरा संशय शेठचा: पुरवठादाराने पूड बदलली असेल. चाळणी मारून पाहिली, दाणा तोच.

मग तुटलेल्या तोंडांवर भिंग धरलं. हे खरं तर सगळ्यात आधी करायचं. जुन्या पट्टीच्या तुटक्या तोंडावर लाकडाचे कण मध्येच फाटलेले, त्यांच्या अंगाला प्लास्टिकचे धागे लोंबत असलेले. नव्या पट्टीवर कण अख्खेच्या अख्खे उपसून आलेले, स्वच्छ, आणि समोरच्या तोंडावर त्यांचे रिकामे साचे. पिकलेल्या सीताफळातून बी निघावी तसे. चिकटलंच नव्हतं काही.

पण कप्लर तर दुप्पट होता. मग तो गेला कुठे?

मामांना विचारलं, दाते गेले त्या आठवड्यात काय बदललं? त्यांनी सेटिंगची वही काढली. तापमान तेच, स्क्रूचा वेग तोच. मग ते स्वतःच म्हणाले, "वंगणाचा बॉक्स बदललाय बघा. आधी बाहेरचा एकच माल यायचा. आता दोन पोत्यांतून घेतो." स्टोअरमध्ये गेलो. दोन पोती होती: एक ईबीएस वॅक्सचं, दुसरं झिंक स्टिअरेटचं. खरेदीच्या मुलाने चौकशी करून स्वस्त पर्याय आणला होता, आणि त्याची चौकशी खोटी नव्हती. ईबीएस आणि झिंक स्टिअरेट ही जोडी लाकूड-प्लास्टिकच्या धंद्यात जुनी आणि नावाजलेली आहे. ती कड गुळगुळीत करते, लोड उतरवते, स्वस्त पडते. फक्त ती त्या रेसिपींतली जोडी आहे ज्यांत कप्लर नसतो.

इथे थोडं रसायन सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

लाकडाची पूड प्लास्टिकात घालायची युक्ती शंभराहून अधिक वर्षं जुनी. बेकेलाइटमध्ये ती असायचीच. १९१६ मध्ये रोल्स-रॉइसच्या गिअरच्या दांड्यावर जी मूठ बसली ती फिनॉलिक रेझिन आणि लाकडाच्या पुडीची. पण त्या रेझिनचं लाकडाशी मुळातच जमतं. पॉलिइथिलीन मेणबत्तीच्या जातीचं. लाकडाच्या अंगभर हायड्रॉक्सिल गट आहेत, त्यांना पाणी आवडतं. मेणाला पाणी वर्ज्य. या दोघांच्या मध्ये मध्यस्थ लागतो. तो मध्यस्थ म्हणजे कप्लर: पॉलिइथिलीनचीच साखळी, तिला मध्ये मध्ये मॅलेइक अ‍ॅनहायड्राइडचे आकडे, म्हणजे हुक, टोचलेले. आकडा लाकडाच्या हायड्रॉक्सिलला धरतो, शेपटी आजूबाजूच्या पॉलिइथिलीनमध्ये गुंतून त्याच्याबरोबरच गोठते. शेपटी त्याच जातीची हवी. एचडीपीईच्या रेसिपीत पीपीचा कप्लर घालणारे मी पाहिलेत, पण ती आजची गोष्ट नाही.

हे आकडे संख्येने फार नसतात. कप्लरच्या वजनाच्या साधारण एक-दोन टक्के, कधी त्याहूनही कमी. आणि झिंक स्टिअरेट म्हणजे धातूचा साबण. गरम बॅरलमध्ये त्यातलं झिंक नेमकं या आकड्यांना जाऊन धरतं. लाकूड धरायला निघालेला हात वाटेतच दुसऱ्याने पकडावा तसं. आकडा झिंकशी क्षार करून बसतो, लाकूड तसंच राहतं. शिवाय उरलेला स्टिअरेट लाकडाच्या अंगावर निसरडा थर देतो तो वेगळाच. शेठनी कप्लर दुप्पट केला तेव्हा काही आकडे झिंकमधून सुटले असतील, फळी थोडी सुधारलीही असेल, पण म्हणजे महागडा कप्लर ओतून स्वस्त साबण निष्क्रिय करत बसणं. हिशोब कुठेच बसत नाही.

दुसऱ्या दिवशी तीन बॅच काढल्या. पूड एकाच लॉटची, प्लास्टिकचा दाणा एकाच लॉटचा, तापमान-वेग तोच. पहिली बॅच चालू रेसिपी. दुसरीत झिंक स्टिअरेट काढून, कप्लर पूर्वीच्या मापावर आणून, बिनधातूचं एस्टर-अमाइड वंगण. तिसरीत पुन्हा ईबीएस-झिंक, पण कप्लर शून्य. ही तिसरी शेठना पटेना. "साहेब, तुटणारा माल आणखी तोडून काय बघायचं?" मी म्हटलं, बघू तर.

बादली, पेला, विटा. दुसऱ्या बॅचची पट्टी बाकाच्या बरोबरीला आली. पहिली आणि तिसरी मात्र जवळपास एकाच पेल्याला तुटल्या. थोडक्यात, दोन महिने कारखाना कप्लरचे पैसे भरत होता आणि बिनकप्लरची फळी विकत होता. शेठ काही बोलले नाहीत. कॅल्क्युलेटर काढून बराच वेळ बोटं चालवत बसले.

दुसऱ्या बॅचच्या कडेला दाते परत आले, हेही सांगायला हवं. मामांचा हिरमोड झाला. त्यावर दोन दिवस गेले: डायच्या तोंडाकडचं तापमान थोडं वर, स्क्रूचा वेग खाली, वंगण अर्धा टक्का जास्त. दाते पुरते गेले नाहीत, पण सॅन्डिंगमध्ये निघतील इतके बारीक झाले. लोडही चढाच राहिला. हा सौदा आहे. लाकूड आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटावेत, पण डायच्या लोखंडाला चिकटू नयेत, अशी आपली अपेक्षा असते, आणि एकाच भांड्यात टाकलेल्या दोन औषधांनी एकमेकांच्या कामात लुडबूड करायची नाही अशीही. वंगण जेवढं जोरदार, तेवढी ही अपेक्षा अवघड.

शेठनी एक रास्त प्रश्न विचारला. तक्त्यात तंतूची ताकद ५२.३ दिसते, मग आपण पूड कशाला घालतो? पुडीचा कण आखूड, लांबी रुंदीच्या दोन-चारपट. तंतू बराच लांबट, त्यामुळे सांधा चांगला असेल तर भार लाकडात पोचायला त्याला जास्त जागा मिळते. सांधा नसेल तर लांबी वाया, २८.२ म्हणजे नुसत्या पीपीच्या आसपासच. पण तंतू म्हणजे कापूस. हॉपरमध्ये तो अडकून बसतो, ओघळत नाही, एकसारखा जात नाही, आणि स्क्रूमध्ये घुसळला की तुटून आखूड होतो, म्हणजे ज्यासाठी आणला तेच जातं. पूड मात्र रव्यासारखी ओघळते. त्यांच्या मशीनवर पूडच बरी, असं मी सांगितलं आणि अजूनही तेच सांगेन.

त्याच प्रयोगशाळेचे आघाताचे आकडे मी मामांना मुद्दाम दाखवले, कारण फळ्या खाली आपटून चांगला-वाईट माल ओळखायची त्यांना सवय. खाच न मारलेलं नुसतं पीपी मीटरला ६५६ ज्यूल सोसतं. ४० टक्के पूड घातली की ७३. कप्लर घालून ७८, म्हणजे जवळपास तेच. खाच मारलेल्या नमुन्यात मात्र नुसत्या पीपीचे २०.९ आणि पूड घातल्यावर २२.२, फरकच नाही. लाकडाचा प्रत्येक कण ही आधीच मारलेली खाच आहे. जिथे खाच मारूनच ठेवली तिथे आणखी हजारांनी काय बिघडणार? त्यामुळे आपटून सांध्याची परीक्षा होत नाही. मामांची आपटाआपट दोन महिने "माल ओके" म्हणत होती ती उगाच नाही.

वाकवून तोडायची चाचणी आता रोज पहिल्या फळीवर होते. विटांच्या जागी लोखंडी घोडा आलाय, बादलीच्या जागी वजनं. भार किती झाला आणि पट्टी किती वाकली, दोन्ही वहीत वेगळ्या रकान्यात लिहायचं, एवढाच माझा आग्रह होता. झिंक स्टिअरेटचं अर्धं पोतं परत गेलं नाही, ते स्टोअरच्या कोपऱ्यात आहे, त्यावर मामांनी लाल रंगाने फुली मारलीय. रिसॉर्टच्या फळ्या बदलून दिल्या.

मार्चमध्ये शेठचा पुन्हा फोन आला. नागपूरकडच्या एका गच्चीवरची तक्रार.

"तुटली का?" मी विचारलं.

"नाही, तुटली नाही. दुपारच्या उन्हात मध्ये झोळ पडतोय. कप्लर वाढवू का?"

"खालचे पाइप किती अंतरावर टाकलेत?"

फोनवर कुणाला तरी विचारल्याचा आवाज आला. "दोन फुटांवर."

"कप्लरला हात लावू नका. सोळा इंचांवर घ्यायला सांगा. माझी गरज नाही, फॅब्रिकेटरला पाठवा."